बोअरचे ‘जड पाणी’ आणि अणुभट्टीचे ‘जड पाणी’

लातूर-नांदेड भागात ‘जड पाणी’ या शब्दाचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही. ज्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि ज्यामुळे हंड्याच्या तळाशी व गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, ते जड पाणी. अणुशास्त्रातही ‘जड पाणी’ आहे. मात्र त्याचा अर्थ अगदी निराळा आहे. पहिल्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतात. दुसऱ्यात क्षार जवळजवळ नसतातच. तेथे पाण्याच्या रेणूतील हायड्रोजनच वजनदार असतो.

नाव सारखे असले, तरी या दोन पाण्यांचा परस्परांशी संबंध नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. मराठवाड्यात एकही अणुवीज केंद्र नाही. परंतु पाण्यात काय विरघळले आहे हे ओळखणे, ते वेगळे करणे आणि वेगळे केलेल्याची विल्हेवाट लावणे, हे शास्त्र दोन्हीकडे एकच आहे. अणुभट्टीच्या पाण्याची निगा कशी राखली जाते हे समजून घेतले, तर आपल्या नळाच्या, टँकरच्या आणि जारच्या पाण्याबाबत कोणते प्रश्न विचारायला हवेत, हेही कळू लागते.

गोदावरी, मांजरा आणि मणुगुरू

जड पाण्याचा एक धागा तर थेट या दोन जिल्ह्यांतून जातो. लातूरला पाणी पुरवणारी मांजरा नदी बिदर, मेदक असा मोठा वळसा घेऊन पुन्हा नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर येते आणि कंदकुर्तीजवळ गोदावरीस मिळते. नांदेडहून विष्णुपुरी व बाभळी मागे टाकून निघालेली गोदावरीही तेथेच येते. पुढे प्राणहिता, इंद्रावती अशा नद्यांचे पाणी घेत ती तेलंगणातील मणुगुरूपाशी पोहोचते. तेथे गोदावरीच्या काठी अणुऊर्जा विभागाचा जड पाण्याचा कारखाना आहे. १९९१ मध्ये सुरू झालेला हा कारखाना नदीच्याच पाण्यातून जड पाणी वेगळे करतो.

जड पाणी हे निसर्गात सर्वत्र असते. पाण्यातील सुमारे साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे एक अणू ड्युटेरियमचा, म्हणजे दुप्पट वजनाच्या हायड्रोजनचा असतो. नांदेडच्या नळाच्या पाण्यात तो आहे, तसाच लातूरच्या बोअरच्या पाण्यातही आहे. एक टन पाण्यातील सर्व ड्युटेरियम गोळा केले, तरी जेमतेम दीडशे ग्रॅमच्या आसपास जड पाणी मिळेल. हे पाणी साध्या पाण्यापेक्षा सुमारे ११ टक्के वजनदार असते आणि शून्याऐवजी जवळपास ३.८ अंश सेल्सिअसला गोठते.

मणुगुरू येथे पाणी आणि हायड्रोजन सल्फाइड वायू यांचा उंच मनोऱ्यांमध्ये संपर्क घडवला जातो. थंड अवस्थेत ड्युटेरियम वायूकडून पाण्याकडे सरकते, तर तप्त अवस्थेत पाण्याकडून वायूकडे. या दोन अवस्थांमधून पुन:पुन्हा नेले असता पाण्यातील ड्युटेरियमचे प्रमाण वाढत जाते. नदीचे पाणी जसेच्या तसे या मनोऱ्यांत सोडता येत नाही. आधी त्यातील गाळ बसवावा लागतो, मग क्षार काढावे लागतात. अन्यथा सारी यंत्रणा गंजेल किंवा थरांनी चोंदेल. म्हणजे जड पाणी तयार करण्यापूर्वी साध्या पाण्याचा ‘जडपणा’ घालवावा लागतो. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील थळ येथेही १९८७ पासून असा कारखाना आहे. तेथे मात्र पाण्याऐवजी खत कारखान्यातील अमोनिया निर्मितीच्या वायूतून ड्युटेरियम घेतले जाते.

अणुभट्टीला इतके शुद्ध पाणी कशासाठी?

राज्यातील अणुवीज केंद्र तारापूर येथे आहे. त्याच्या पहिल्या दोन संचांनी ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू केली. या दोन संचांची रचना ‘उकळत्या पाण्याच्या’ अणुभट्टीची आहे. अशा भट्टीत युरेनियम इंधनाभोवतीचे साधे पाणीच उकळते व त्याची वाफ टर्बाइन फिरवते. नंतर अरबी समुद्राच्या पाण्याने थंड ठेवलेल्या नळ्यांवर त्या वाफेचे पुन्हा पाणी होते आणि ते भट्टीकडे परत जाते. तिसरा व चौथा संच २००५ ते २००६ या काळात सुरू झाला. हे ५४० मेगावॉटचे संच जड पाण्यावर चालतात. त्यांत न्यूट्रॉनचा वेग कमी करण्यासाठी आणि इंधनाची उष्णता वाहून नेण्यासाठी जड पाणी वापरतात. ही उष्णता वेगळ्या चक्रातील साध्या पाण्याला दिली जाते आणि त्याची वाफ होते.

दोन्ही प्रकारांत पाण्याला अत्यंत कठोर परिस्थितीतून जावे लागते. उकळत्या पाण्याच्या भट्टीत दाब वातावरणाच्या सुमारे ७० पट आणि तापमान २८० अंशांच्या वर असते. खोलीच्या तापमानाला निरुपद्रवी वाटणारा क्लोराइडचा अंशही अशा स्थितीत पोलादाला बारीक तडे पाडू शकतो. त्यात भर म्हणून किरणोत्सारामुळे पाण्याचे रेणूच तुटतात आणि ऑक्सिजन, हायड्रोजन पेरॉक्साइड असे गंज वाढवणारे घटक तयार होतात. ताणाखाली असलेले पोलाद आणि ऑक्सिजनयुक्त पाणी यांच्या संयोगाने पडणारे तडे ही जगभरातील अशा भट्ट्यांची मोठी डोकेदुखी ठरली. त्यावर उपाय म्हणून अनेक ठिकाणी पाण्यात थोडा हायड्रोजन सोडला जातो, जेणेकरून मुक्त ऑक्सिजनला तो बांधून ठेवील.

पाणी व धातू यांच्या नात्याची किंमत तारापूरनेही मोजली आहे. पहिल्या दोन संचांची मूळ क्षमता प्रत्येकी २१० मेगावॉट होती. त्यांच्यातील दुय्यम बाष्पजनित्रांच्या नळ्यांना गळती लागल्याने ती जनित्रे बाजूला काढावी लागली आणि प्रत्येक संचाची क्षमता १६० मेगावॉटवर आली. नळीचे एक बारीक छिद्र पन्नास मेगावॉट विजेवर पाणी सोडायला लावू शकते, असा याचा अर्थ.

पन्नास वाघिणी आणि अर्धा चमचा मीठ

शुद्धता मोजण्याची सर्वात सोपी रीत म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते ते पाहणे. क्षार जितके अधिक, तितकी विद्युतवाहकता अधिक. वाहकता मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर या एककात सांगतात. पिण्याच्या सर्वसाधारण पाण्याची वाहकता काही शे मायक्रोसिमेन्स असते. बोअरच्या पाण्याची वाहकता हजाराच्या पुढेही जाऊ शकते. ज्यात काहीच विरघळलेले नाही अशा पाण्याची वाहकता केवळ ०.०५५ असते. अणुभट्टीत फिरणारे पाणी या टोकाच्या अगदी जवळ ठेवावे लागते. तेथे क्लोराइड व सल्फेटचे प्रमाण अब्जावधी भागांत काही भाग, अशा मापाने मोजतात.

हे माप किती सूक्ष्म आहे, हे लातूरकरांना त्यांच्याच अनुभवावरून समजेल. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला ‘जलदूत’ रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला आलेल्या पहिल्या गाडीत दहा वाघिणी व सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींची, सुमारे २५ लाख लिटरची गाडी धावू लागली. त्या संपूर्ण पन्नास वाघिणींच्या पाण्यात अडीच ग्रॅम, म्हणजे अर्धा छोटा चमचा मीठ विरघळवले, तर होणारे प्रमाण अब्जात एक भाग असते. अणुवीज केंद्रातील रसायनशास्त्रज्ञाला हा अर्धा चमचाही दिसावा लागतो. कारण समुद्राच्या पाण्याने थंड होणाऱ्या हजारो नळ्यांपैकी एखादी झिरपू लागली, तर पहिली सूचना वाहकतेचा काटाच देतो.

क्षार ओढून घेणारे मणी

पाणी इतके शुद्ध करण्याचे काम प्रामुख्याने ‘आयन-विनिमय’ पद्धतीने होते. पाण्यात विरघळल्यावर क्षाराचे विद्युतभारित कणांत, म्हणजे आयनांत विभाजन होते. रेझिनचे मोहरीहूनही बारीक मणी हे आयन धरून ठेवतात. एका जातीचे मणी कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम असे धनभारित कण घेतात व त्यांच्या बदल्यात हायड्रोजन सोडतात. दुसऱ्या जातीचे मणी क्लोराइड, सल्फेट असे ऋणभारित कण घेतात व हायड्रॉक्सिल सोडतात. सोडलेल्या दोन्ही घटकांचे मिळून पाणीच बनते.

हे तंत्र केवळ अणुकेंद्रांपुरते नाही. परळीसारख्या औष्णिक वीज केंद्राच्या बॉयलरलाही क्षारमुक्त पाणीच लागते. परळी केंद्राचे संच २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते, हे मराठवाड्याच्या स्मरणात असेल. वीजनिर्मितीचे इंधन कोणतेही असो, पाण्याशिवाय चक्र फिरत नाही.

अणुभट्टीत मात्र मण्यांवर आणखी एक जबाबदारी असते. पाइप व पंपांचा धातू कितीही चांगला असला, तरी अतिसूक्ष्म प्रमाणात झिजतोच. झिजलेले लोह, निकेल, कोबाल्ट यांचे कण पाण्याबरोबर इंधनापाशी पोहोचतात, न्यूट्रॉनच्या माऱ्यात किरणोत्सारी होतात आणि पुढे दूरच्या एखाद्या पाइपच्या कोपऱ्यात जाऊन बसतात. साध्या कोबाल्टपासून होणारे कोबाल्ट-६० हे यातले सर्वात त्रासदायक. त्याचा अर्धायुष्यकाल ५.२७ वर्षे आहे; म्हणजे तेवढ्या काळात त्याचा किरणोत्सार निम्मा होतो. दुरुस्तीसाठी संच बंद केल्यावर त्या पाइपजवळ काम करणाऱ्या फिटर, वेल्डर व मदतनिसांच्या वाट्याला येणाऱ्या किरणोत्साराचा मोठा भाग याच साचलेल्या कणांतून येतो. पाण्याची शुद्धता हा म्हणूनच यंत्राबरोबर कामगाराच्या आरोग्याचाही प्रश्न आहे.

जड पाण्याच्या संचात पाण्याचा सामूही विचारपूर्वक राखला जातो. उष्णता वाहणाऱ्या चक्रात लिथियम हायड्रॉक्साइडचा अल्प अंश घालून पाणी अल्कधर्मी ठेवतात, कारण अशा पाण्यात पोलादावरील संरक्षक थर टिकून राहतो. वाफेच्या चक्रातील उरलासुरला ऑक्सिजन काढण्यासाठी हायड्रॅझिन वापरतात. म्हणजे ‘शुद्ध’ पाणी सर्वत्र एकाच प्रकारचे नसते. ज्या कामासाठी पाणी हवे, त्यानुसार त्याची घडण ठरते.

न मोजलेला एक पाइप

जपानमधील मिहामा अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या संचात ९ ऑगस्ट २००४ रोजी घडलेली दुर्घटना या क्षेत्रातील अभियंत्यांना आजही शिकवली जाते. तेथे अणुभट्टीचा स्फोट झाला नाही आणि किरणोत्सारही बाहेर पडला नाही. फुटला तो दुय्यम चक्रातील, साधे गरम पाणी वाहून नेणारा कार्बन पोलादाचा पाइप. सुमारे १४० अंश तापमानाचे पाणी व वाफ टर्बाइनच्या इमारतीत उसळली. तेथील अकरा कामगार भाजले. त्यांपैकी पाच जणांचा मृत्यू झाला.

पाइपची भिंत मुळात दहा मिलिमीटर जाडीची होती. वेगाने वाहणाऱ्या पाण्याने तिच्यावरील संरक्षक थर सतत विरघळवत नेला आणि फुटलेल्या जागी जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास उरली होती. ही झीज कशी होते, हे शास्त्राला ठाऊक होते. ती मोजण्याची साधनेही उपलब्ध होती. परंतु १९७६ मध्ये संच सुरू झाल्यापासून फुटलेल्या जागेची तपासणी एकदाही झालेली नव्हती. तपासणीच्या यादीतून ती जागाच सुटली होती.

पाण्याच्या रसायनशास्त्राचा सर्वात महत्त्वाचा धडा येथे आहे. उत्तम यंत्रे आणि उत्तम तज्ज्ञ असूनही जे मोजले जात नाही, त्याची काळजी घेतली जात नाही. म्हणूनच अणुकेंद्रात प्रत्येक चक्रातील पाण्यासाठी मर्यादांच्या पायऱ्या आधीच ठरवलेल्या असतात. पहिली पायरी ओलांडली तर अमुक काळात कारण शोधावे, दुसरी ओलांडली तर क्षमता कमी करावी, तिसरी ओलांडली तर संच बंद करावा, असा शिरस्ता असतो. आकडा दिसल्यावर काय करायचे, यावर त्या क्षणी चर्चा करावी लागत नाही.

काढलेले जाते कुठे?

पाण्यातून एखादा घटक काढला म्हणजे तो नाहीसा झाला, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात तो केवळ जागा बदलतो. अणुकेंद्रातील वापरलेले रेझिन स्वतःच किरणोत्सारी कचरा बनते. ते सिमेंट किंवा पॉलिमरमध्ये घट्ट बसवून सुरक्षित जागी साठवावे लागते. कमी तीव्रतेच्या सांडपाण्यातून सीझियम-१३७ व स्ट्रॉन्शियम-९० यांसारखे घटक रासायनिक अवक्षेपणाने किंवा आयन-विनिमयाने वेगळे करतात. या दोहोंचा अर्धायुष्यकाल तीस वर्षांच्या आसपास आहे. शुद्ध केलेले पाणी मोजमाप करून आणि ठरवून दिलेल्या मर्यादेतच बाहेर सोडता येते. या मर्यादा अणुऊर्जा नियामक मंडळ ठरवते. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालेले हे मंडळ देशातील अणुकेंद्रांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवते. केंद्राच्या परिसरातील पाणी, मासे, दूध, भाजीपाला यांचे नमुने तपासण्यासाठी स्वतंत्र पर्यावरण प्रयोगशाळा असतात.

काही घटक मात्र या साऱ्या चाळण्यांतून निसटतात. ट्रिटियम हा हायड्रोजनचाच किरणोत्सारी भाऊ. तो पाण्याच्या रेणूचाच भाग बनत असल्याने रेझिन किंवा पडदा त्याला सहज अडवू शकत नाही. जपानमधील फुकुशिमा केंद्रात साठलेले पाणी २४ ऑगस्ट २०२३ पासून समुद्रात सोडण्यास प्रारंभ झाला, तेव्हा वाद झाला तो मुख्यतः याच घटकावरून. इतर ६२ किरणोत्सारी घटक कमी करण्यासाठी तेथे शुद्धीकरण यंत्रणा वापरली गेली. ट्रिटियमसाठी मात्र समुद्राचे पाणी मिसळून त्याचे प्रमाण लिटरला १,५०० बेकरेलच्या खाली आणण्याचा मार्ग निवडण्यात आला. तारापूरच्या जड पाण्याच्या संचांतही ट्रिटियम तयार होतेच. जड पाणी महाग असल्याने आणि त्यात ट्रिटियम असल्याने गळलेला प्रत्येक थेंब, एवढेच काय हवेतील त्याची वाफही गोळा करण्याची व्यवस्था तेथे असते.

तेच शास्त्र, मराठवाड्याच्या घरात

अणुसंशोधनातून निघालेली पाण्याची तंत्रे केंद्रांच्या भिंतींबाहेरही आली आहेत. मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्राने तुर्भे येथील ‘सायरस’ या संशोधन भट्टीच्या टाकाऊ उष्णतेवर समुद्राचे पाणी गोड करणारा, दिवसाला ३० हजार लिटर क्षमतेचा प्रकल्प उभारला होता. १९६० मध्ये सुरू झालेली ती भट्टी २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली. तमिळनाडूतील कल्पक्कम येथे याच केंद्राने उभारलेल्या निःक्षारीकरण प्रकल्पाची क्षमता दिवसाला ६३ लाख लिटर आहे. त्यापैकी ४५ लाख लिटर पाणी ऊर्ध्वपातनाने आणि १८ लाख लिटर पडद्यांतून गाळून मिळवण्याची योजना आहे. लातूरला आलेल्या पन्नास वाघिणींच्या अडीच गाड्या रोज भराव्यात, एवढे हे पाणी होते. मात्र समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या मराठवाड्याला त्याचा थेट उपयोग नाही. येथे उपयोगाचे आहे ते त्यामागचे ज्ञान.

भाभा केंद्राने विजेशिवाय चालणारा, अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्याचा घरगुती गाळणी-संच विकसित करून त्याचे तंत्रज्ञान उद्योजकांना दिले. पाण्यातील गढूळपणा व जिवाणू त्यात अडतात. परंतु विरघळलेले क्षार त्यातून सरळ पार होतात. टंचाईच्या दिवसांत टँकरच्या पाण्यासाठी तो उपयुक्त आहे. बोअरच्या जड पाण्यासाठी नाही. कोणता दोष घालवायचा आहे हे ठाऊक नसताना यंत्र घेणे म्हणजे रोगाचे निदान न करता औषध घेण्यासारखे आहे.

नांदेड जिल्ह्यातील फ्लुओराइडचा प्रश्न या दृष्टीने बोलका आहे. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा. किनवटच्या बाजूला मात्र ग्रॅनाइटसारखे जुने खडक आहेत आणि त्यांतील खनिजांमधून भूजलात फ्लुओराइड उतरते. भारतीय मानक ब्युरोनुसार पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्याहून अधिक असलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, तर प्रथम मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि प्रमाण बरेच जास्त असल्यास पुढे सांधे व हाडे ताठरतात. हाडांत एकदा झालेला बदल औषधाने पूर्ववत होत नाही.

या बाबतीत चवीचा अंदाज उपयोगी पडत नाही. फ्लुओराइडला रंग, वास वा चव नाही. उलट ज्या पाण्यात कॅल्शियम कमी असते, त्यात फ्लुओराइड अधिक प्रमाणात विरघळून राहू शकते. कॅल्शियम भरपूर असेल तर दोहोंचा न विरघळणारा क्षार बनून फ्लुओराइडवर मर्यादा येते. म्हणजे डाळ चांगली शिजवणारे ‘हलके’ पाणीही फ्लुओराइडच्या दृष्टीने धोकादायक असू शकते. पाणी उकळल्यानेही फ्लुओराइड जात नाही. वाफ निघून गेल्याने त्याचे प्रमाण किंचित वाढतेच. क्लोरीनचाही त्यावर परिणाम होत नाही.

उपाय मात्र उपलब्ध आहेत. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत तुरटी, चुना व ब्लीचिंग पावडर ठराविक प्रमाणात मिसळून फ्लुओराइड गाळाबरोबर खाली बसवतात. सक्रिय ॲल्युमिनाच्या थरातून पाणी गाळण्याची दुसरी रीत आहे. भूजलातील फ्लुओराइड ओळखण्यासाठी भाभा केंद्राने साधा चाचणी संचही तयार केला आहे. यातील प्रत्येक पद्धतीत तुरटीचा गाळ किंवा वापरलेला ॲल्युमिना उरतोच आणि तो विहिरीच्या कडेला टाकल्यास फ्लुओराइड पुन्हा जमिनीत जाते. अणुकेंद्राच्या रेझिनला लागू असलेला नियम येथेही लागू आहे.

घरोघरी आलेल्या आरओ यंत्रांबाबतही हेच म्हणता येईल. उच्च दाबाने पाणी अतिसूक्ष्म पडद्यातून ढकलण्याची ही पद्धत क्षार व फ्लुओराइड दोन्ही कमी करते. परंतु एक लिटर शुद्ध पाण्यामागे घरगुती यंत्रातून बहुधा त्याहून अधिक पाणी क्षारांसह मोरीत जाते. रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या शहराला ही चैन परवडणारी नाही. लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेल्या पाण्यासाठी आरओचा वापर थांबवावा, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितले होते, त्यामागे हेच कारण होते. जेथे गरज आहे तेथे हे यंत्र जरूर असावे. तरीही बाहेर पडणारे पाणी धुणी-भांडी व फरशीसाठी वापरणे शक्य आहे.

आकडा घरापर्यंत यावा

तंत्रांची उणीव नाही. उणीव आहे ती मोजमापाच्या सवयीची. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ च्या दरम्यान असावा. विद्राव्य क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत, तर पर्याय नसल्यास २,००० पर्यंत चालतात. कठीणपणाच्या मर्यादा २०० व ६०० आहेत. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमहून अधिक असू नये. आपल्या घरी येणाऱ्या पाण्याचे हे पाच-सहा आकडे सांगू शकणारी किती कुटुंबे लातूर-नांदेडमध्ये सापडतील? जारच्या पाण्यासाठी दरमहा पैसे मोजणारेही ते विचारत नाहीत. जार थंड आहे आणि पाणी गोड लागते, एवढ्यावर समाधान असते.

पाणी तपासण्याची व्यवस्था मुळीच नाही, असेही नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्यांत आहेत. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना चाचणी संच वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून किमान एकदा व जिवाणूंची दोनदा करावी, असे मार्गदर्शक सूत्र आहे. शहरातील सोसायट्यांना आपल्या बोअरसाठी हेच वेळापत्रक पाळता येईल. खासगी बोअरच्या पाण्याचा हिशेब ठेवणारे त्या इमारतीतील रहिवाशांखेरीज दुसरे कोणी नसते. पावसाळ्यापूर्वी भूजल खाली गेलेले असते व नंतर त्याचे पुनर्भरण होते. त्यामुळे मे आणि नोव्हेंबरमधील आकडे वेगळे असू शकतात. एका तपासणीवर कायम विसंबून राहणे त्यामुळेच योग्य ठरत नाही. नव्याने बोअर खोल केला, तर पाणी नवे समजून पुन्हा तपासावे.

अणुकेंद्रात पाण्याची नोंद एका पाळीकडून दुसऱ्या पाळीकडे जाते आणि मर्यादा ओलांडली की काय करायचे, हे आधीच लिहिलेले असते. गावातील हातपंपासाठी किंवा सोसायटीच्या बोअरसाठी एवढी खर्चिक यंत्रणा लागत नाही. एक वही, वर्षातून दोन तपासण्या आणि फ्लुओराइड १.५ च्या वर गेल्यास पिण्यासाठी तो स्रोत बंद करण्याचा एक ठराव, एवढे पुरेसे आहे. पन्नास वाघिणींच्या पाण्यात अर्धा चमचा मीठ शोधण्याची क्षमता या देशाच्या शास्त्रज्ञांकडे आहे. त्याच पन्नास वाघिणींत फ्लुओराइडची कमाल मर्यादा ओलांडण्यासाठी जवळपास चार किलो फ्लुओराइड लागते. ते शोधणे त्यामानाने फारच सोपे आहे. त्यासाठी बाटलीभर पाणी प्रयोगशाळेपर्यंत पोहोचवावे लागते.